एकशे त्रेचाळीस नावं

सही केल्याशिवाय केक मिळणार नाही, हा ऑर्डेला क्रेनशॉचा नियम होता. त्या नियमापायी काळ्या लोकांची अख्खी टॅनर्स बॉटम वस्ती जमीनदोस्त होणार आहे, हे तिला मंगळवारी सकाळी नगरभवनाच्या काउंटरपाशी उभ्याउभ्या कळलं.

ती तिथे गेली ती निव्वळ सवयीनं. लॉक स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चची ती बावीस वर्षं चिटणीस. बाप्तिस्मे, लग्नं, मयतं, कोण पाहुणा कुठल्या गावाहून आला, सगळं तिच्या वहीत. न वाचलेल्या कागदावर ती कधी विश्वास ठेवत नसे. पेपरात कोपऱ्यात चार ओळींची नोटीस होती: नदीकाठच्या पुनर्रचनेचा आराखडा नागरिकांना पाहण्यासाठी खुला आहे, गुरुवारी सकाळी दहा वाजता जाहीर सुनावणी. मंगळवारी हॉटेलच्या इस्त्रीखान्यातून तिला सुट्टी असे. टोपी घातली आणि गेली. 'खुला आहे' म्हणजे एकच प्रत, काउंटरला दोरीनं बांधलेली, आणि बसायला खुर्ची नाही.

पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सत्ताविसाव्या पानावर नकाशा होता. त्यात नदी होती, रुंद रस्ता होता, आठशे मोटारींचा वाहनतळ होता. लॉक स्ट्रीट नव्हता. मलबेरी स्ट्रीट नव्हता. तिचं घर, शेजारचं टिसडेलचं केशकर्तनालय, पलीकडचं चर्च, यांच्या जागी करड्या रंगाचा एक पट्टा ओढला होता, शाळेतल्या पोरानं रंग संपवायला ओढावा तसा.

मग शेवटाकडे परिशिष्ट आलं. 'नागरिकांचा सहभाग', असा मथळा. खाली लिहिलं होतं की टॅनर्स बॉटममधल्या एकशे त्रेचाळीस रहिवाशांनी सभेला हजर राहून आराखड्याला पाठिंबा नोंदवला असून नावं सोबत जोडली आहेत.

नावं सोबत होती. पत्त्यांसकट, एकाखाली एक, समास सोडून, एकही खाडाखोड नाही. इतकं स्वच्छ टायपिंग शहरात दुसरं कोणी करत नव्हतं. ते तिचंच होतं.

ऑर्डेलानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच राहिली.

एप्रिलातल्या त्या शनिवारी दुपारी डनलीव्ही नावाचा नियोजन कार्यालयातला तरुण साहेब चर्चच्या तळघरात आला होता. गोरा, लाजरा, बोलायला गोड. त्यानं भिंतीवर रंगीत नकाशा लावला आणि लोकांना हिरवे कागदी ठिपके वाटले. नदीकाठी बाकं कुठे हवीत, झाडं कुठे हवीत, ते चिकटवा म्हणाला. बायका-पुरुष हौसेनं उठले. सत्तरीच्या सीफस बोगननं तर आपल्या घरासमोरच झाड चिकटवलं, सावलीला. त्या नकाशावर घरं मुळी काढलेलीच नव्हती, नुसती नदी आणि मोकळी जागा होती; पण त्यांना वाटलं, बाकांच्या नकाशात घरं कशाला काढतील? आपली घरं कुठे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे की.

आणि मग केक. लिंबाचे सहा आणि खोबऱ्याचे चार. चर्चमध्ये पाहुणचार असला की दाराशी वही आणि वहीशी ऑर्डेला, हे ठरलेलं. नाव, पत्ता, सही, मग बशी. डनलीव्ही निघताना म्हणाला, "मॅडम, ही पानं आमच्या दप्तरी ठेवायला मिळतील का?" मॅडम! नगरभवनातला गोरा माणूस तिला मॅडम म्हणाला होता, वर तिच्या वहीचं कौतुक केलं होतं. वहीची पानं कशी द्यायची? तिनं सोमवारी बसून अख्खी यादी टाइप केली आणि पोस्टानं पाठवली. वर ओळीत 'केक खायला आलेले' असं लिहिलं असतं तरी निभावलं असतं. पण वहीत मथळा नव्हता म्हणून तिनंही घातला नाही. मथळा त्यांनी घातला.

वॉशिंग्टनचा तसा कायदाच होता. वस्ती पाडायला सरकारी पैसा हवा असेल तर तिथल्या नागरिकांचा सहभाग दाखवा. कायदा करणाऱ्याच्या मनात काही चांगलं असेलही. नगरभवनानं त्याचा अर्थ असा लावला, की माणसं नकोत, माणसांचे कागद पुरेत.

ती घरी आली तेव्हा होसिया, तिचा नवरा, व्हरांड्यात वाटाणे सोलत होता. तीस वर्षं त्यानं आगगाडीत बड्या लोकांच्या बॅगा उचलल्या होत्या, त्यामुळे माणूस कुठल्या बातमीचं ओझं घेऊन येतोय ते त्याला चालीवरून कळे.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"आपण." तिनं सगळं सांगितलं. सांगतासांगता तिचा आवाज फुटला. "मीच दिली रे त्यांना नावं. वर फीत नवी घालून टाइप केली, होसिया, पुसट दिसायला नको म्हणून!"

होसियानं वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. "ऑर्डी," तो म्हणाला, "बावीस वर्षं तू या लोकांना दटावून सह्या करायला लावल्यास. आता दटावून खोडायला लाव."

"खोडायच्या कशा? कागद त्यांच्याकडे आहे."

"सुनावणीत कार्ड भरलं की तीन मिनिटं बोलायला देतात ना? एकशे त्रेचाळीस माणसं, तीन-तीन मिनिटं. पैशाचा अर्ज गुरुवारी पाचच्या टपालानं वॉशिंग्टनला गेला नाही तर या वर्षाची मुदत संपली, असं पेपरातच आहे. बसू दे त्यांना ऐकत. साडेपाच वाजवू."

"वेळ काढायचा नाही," ऑर्डेला म्हणाली. तिचे डोळे कोरडे झाले होते. "वेळ काढला तर म्हणतील, या लोकांना गोंधळच घालता येतो. पुढच्या वर्षी तोच कागद पुन्हा पाठवतील. नावं काढायची. पाचाच्या आत, सगळी."

यादीची कार्बन प्रत तिच्याकडे होतीच. ऑर्डेलाकडे कशाची प्रत नसे? त्याच दुपारी ती पहिल्या दारापासून निघाली.

शिव्या खाव्या लागल्या. ते तिला ठाऊकच होतं, आणि आपण त्या खाल्ल्याच पाहिजेत असंही तिला वाटत होतं. व्हेल्मा टिसडेलनं तर गिऱ्हाइकाच्या केसांत ते सरळ करायचा तापलेला कंगवा तसाच धरून तिला फैलावर घेतलं.

"मला सही करायचीच नव्हती! तूच म्हणालीस, 'व्हेल्मा, नाव न देता खायला लाज नाही वाटत?' वीस माणसांसमोर!"

"म्हणाले."

"खोबऱ्याचा केक होता. कोरडा होता वर!"

"चूक माझी आहे," ऑर्डेला म्हणाली. "दुसऱ्या कुणाचीच नाही. तू जन्मभर बोल मला. पण आता एवढंच सांग, गुरुवारी येतेस का भांडतेस?"

"दोन्ही!" व्हेल्मा म्हणाली. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा कुठे तिनं कंगवा काढला.

ज्यांना रजा मिळणार नव्हती, जे इस्पितळात होते, त्यांच्यासाठी लव्हलेस कामाला आले. लव्हलेस वस्तीतले मयतकर्मवाले, शिवाय सरकारी शिक्क्याचे नोटरी. एरवी माणूस मेल्यावरच त्यांच्याकडे जायचा. त्या दोन दिवसांत जिवंत माणसांची रांग त्यांच्या दारी लागली. 'माझं नाव या यादीतून काढावं,' एवढी एक ओळ, सही आणि शिक्का. यादीतली सिम्सबाई जूनमध्ये वारली होती. तिची मुलगी म्हणाली, आईचं मी उभी राहून काढीन.

बुधवारी संध्याकाळी चर्चचे पास्टर रेव्हरंड पेटवेंनी तिला बोलावलं.

रेव्हरंड ल्यूशियस पेटवे काही वाईट माणूस नव्हते. तिच्या दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा त्यांनी केला होता. होसियाला न्यूमोनिया झाला तेव्हा ते नऊ दिवस उशाशी बसले होते. महापौरांच्या एकवीसजणांच्या नागरिक समितीवर बॉटममधून घेतलेले ते एकटेच. आणि यादीतलं पहिलं नाव त्यांचंच, कारण चर्चमध्ये पहिली बशी पास्टरांची असते.

"सिस्टर क्रेनशॉ, बसा," ते म्हणाले. "तुम्ही दारोदार फिरताय म्हणे."

"फिरतेय, रेव्हरंड. अकरा घरं राहिलीत."

"तुम्हाला वाटतं, उद्या तुम्ही उभ्या राहिलात की ते रस्ता वळवतील? मी समितीत बसतो, बहीण. सगळं आधीच ठरलेलं असतं. दुसऱ्या गावांतून अशा वस्त्या गेल्या. जे ओरडले त्यांना हाती काहीच लागलं नाही. मी गप्प बसलो तर निदान टेकडीवर चर्चला जागा मिळतेय. विटांचं चर्च. तळघरात पाणी शिरणार नाही असं."

"फार छान. आणि माणसं?"

"माणसं येतील की वर."

"रविवारी येतील. सोमवारी राहतील कुठे?"

रेव्हरंड खुर्चीत ताठ बसले. मग त्यांचा आवाज जरा कडक झाला. "चर्चची चिटणीस आपल्या पास्टरच्या विरुद्ध चारचौघांत उभी राहत नाही. ही आपली रीत नाही."

ती रीत ऑर्डेलाला त्यांच्याइतकीच ठाऊक होती. नव्या चिटणिसांना तीच शिकवत आली होती. तिनं पर्स उघडली, चर्चच्या कपाटाच्या किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"मग उद्या मी चिटणीस नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी हवी असेन तर बोलवा. पण तुम्हीही या उद्या. पहिलं नाव तुमचं आहे, आणि मला ते तुमच्याच तोंडून काढलेलं ऐकायचंय."

गुरुवारी सकाळी टेकडीवरच्या बड्या लोकांच्या पुष्कळ घरांत स्वयंपाकिणी न आल्यानं नाश्ता झाला नाही, लिफ्ट चालवणारे दोघे आजारी पडले, आणि हॉटेलात चादरी बिनइस्त्रीच्या राहिल्या. ही सगळी माणसं रविवारच्या कपड्यांत, टोप्या-हातमोजे घालून, नगरभवनाचा जिना चढत होती. सुनावणी सकाळी दहाची ठेवली होती ती लोकांना येता येऊ नये म्हणूनच. सभागृहात खुर्च्या ऐंशी. बाकीचे भिंतीला लागून उभे राहिले, त्यांच्यामागे जिन्यात उभे राहिले.

सुनावणीचे अध्यक्ष हॅस्केट यांनी कार्डांचा गठ्ठा पाहिला आणि नगरसचिव मिस प्रूइट यांच्याकडे पाहिलं. मिस प्रूइटनी खांदे उडवले. कार्डं नियमानुसार होती.

"ऑर्डेला," हॅस्केट हसून म्हणाले, "तूच या सगळ्यांना घेऊन आलीस ना? मग असं कर. सगळ्यांचं म्हणणं एकच आहे, तर सगळ्यांच्या वतीनं तूच बोल. म्हणजे कुणाचाच दिवस फुकट जायला नको."

"मिसेस क्रेनशॉ," ऑर्डेला म्हणाली.

"काय?"

"माझं नाव. मिसेस क्रेनशॉ, चारशे अठरा, लॉक स्ट्रीट. तुमच्या परिशिष्टात तसंच टाइप केलेलं आहे, मीच केलंय." तिनं कार्बन प्रत उलगडली. "आणि अध्यक्षसाहेब, पाठिंबा मोजताना तुम्ही आम्हाला एकशे त्रेचाळीस मोजलंत. आता ऐकायची वेळ आली तर आम्ही एक कसे झालो?"

मागून कोणीतरी "आमेन!" म्हणालं, आणि मग जिन्यातूनही आलं. हॅस्केटनी हातोडा आपटला, पण हसू मावळलं होतं.

ऑर्डेलानं पहिलं नाव वाचलं. "रेव्हरंड ल्यूशियस पेटवे."

रेव्हरंड समितीच्या खुर्च्यांत, पुढे, महापौरांच्या माणसांजवळ बसले होते. ते अर्धवट उठले. "मी शेवटी बोलेन," म्हणाले आणि बसले. तिनं त्या नावापुढे खूण केली. मग दुसरं नाव घेतलं.

दुसरं तिचंच होतं. "मी ही यादी केली," ती सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली, अध्यक्षांकडे नाही. "मी या लोकांना केकसाठी सही करायला लावली, आणि त्या सह्यांच्या जोरावर हे त्यांची घरं पाडायला निघालेत. मला लाज वाटते. आराखड्याला मी हो म्हटलं नव्हतं, मला कोणी विचारलंही नव्हतं. माझं नाव काढा." मिस प्रूइटनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली.

मग एकेक येऊ लागला. कोणी तीन वाक्यांत आटोपलं, कोणी देवापासून सुरुवात केली. व्हेल्मा टिसडेल म्हणाली, "मी दुकानात दिवसभर लोकांचं ऐकते, तेव्हा आज तुम्ही माझं ऐका. मला बाकं कुठे हवीत ते विचारलंत. राहायचंय का, ते विचारलंत? केक कोरडा होता, तरी त्याच्यासाठी घर देण्याइतकी मी भुकेली नव्हते. काढा नाव." डनलीव्ही साहेब कोपऱ्यात बसला होता. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सिम्सबाईच्या मुलीनं आईचं नाव घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मेलेल्या माणसाचा पाठिंबा तरी परत द्या."

सीफस बोगन काठी टेकत पुढे आला. "मला बोलता येतं पण आवडत नाही. नाव काढा," म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

"झालं का तुझं?" हॅस्केटनी विचारलं.

"नाही."

अर्धं मिनिट गेलं. एक गेलं.

"अरे, मग बोल ना!"

"माझी तीन मिनिटं आहेत," बोगन म्हणाला. "मी ती उभं राहून घालवतोय. एक्केचाळीस वर्षं उभा आहे मी त्या घरात, तुम्हाला दोन मिनिटं जड होतात?"

सभागृह हसलं. ऑर्डेला नाही हसली. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि बोगनकडे डोळे वटारले. म्हाताऱ्यानं तरी पूर्ण तीन मिनिटं घेतली.

जेवणाची सुट्टी हॅस्केटनी मागितली. ऑर्डेला म्हणाली, तुम्ही जा जेवून, आम्ही मिस प्रूइटना सांगत राहतो. कोणी गेलं नाही. दोन वाजता एक सभासद कोट काढून बसला. तीन वाजता लव्हलेसनी शिक्के मारलेली पत्रं एकेक करून वाचली, मयताच्या वेळी वाचतात त्याच गंभीर आवाजात, आणि प्रत्येकापाशी लाल रेघ पडली. वर्तमानपत्राचा माणूस सकाळी जांभया देत होता, तो आता भराभर लिहीत होता. कोणी ओरडलं नाही, कोणी खुर्ची फेकली नाही. चारनंतर तर लोक दीड-दीड मिनिटातच उरकू लागले, कारण ऑर्डेला घड्याळाकडे बघतेय हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी होसिया आला. "तीस वर्षं मी दुसऱ्यांचं सामान हलवलं," म्हणाला. "माझं हलवायचं की नाही, ते मी ठरवीन."

पाचाला चौदा मिनिटं असताना यादीत एकच नाव उरलं.

"रेव्हरंड ल्यूशियस पेटवे," ऑर्डेला म्हणाली.

ते उठले. समितीच्या खुर्च्यांकडून माइकपर्यंत दहा पावलं होती, ती त्यांनी फार सावकाश टाकली. सभागृहात त्यांनी लग्नं लावलेली माणसं होती, ज्यांच्या आईबापांना पुरलं अशी माणसं होती. ऑर्डेलाच्या मनात दिवसभर राग होता. आता तिथे नुसती आशा उरली होती, आणि ती तिला रागापेक्षा जड जात होती. म्हणा, तिला वाटलं. तीनच शब्द आहेत, रेव्हरंड. म्हणा.

"मी या वस्तीवर प्रेम करतो," रेव्हरंड म्हणाले. "म्हणूनच जे येणारच आहे त्याच्याशी मी भांडत नाही. मी महापौरांना शब्द दिलाय. माझं नाव राहू द्या."

कुणी आमेन म्हटलं नाही. रेव्हरंड तिथेच उभे राहिले, जणू कोणी काहीतरी म्हणावं याची वाट बघत.

ऑर्डेलानं कार्बन प्रतीची घडी घातली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमचं नाव तुमचं आहे, रेव्हरंड. त्याला आम्ही हात लावणार नाही. असं न विचारता दुसऱ्याच्या नावाला हात लावतात ते आम्ही नव्हे." मग ती नगरसचिवांकडे वळली. "मिस प्रूइट, परिशिष्टाचं ते पान बदलायला लागेल. मी सांगते, तुम्ही टाइप करा. टॅनर्स बॉटममधल्या रहिवाशांनी जाहीर सुनावणीला हजर राहून किंवा पत्रानं आपलं मत नोंदवलं. आराखड्याला पाठिंबा: एक. त्याखाली रेव्हरंडांचं नाव आणि पत्ता, नीट, पूर्ण. आणि पाठिंबा नाही, असे एकशे बेचाळीस, त्यांचीही नावं पत्त्यांसकट सोबतच्या यादीत."

मिस प्रूइटनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. मग मिस प्रूइटनीच टाइपरायटर पुढे ओढला आणि सगळ्यांच्या देखत ते पान टाइप केलं. खरखर करून यंत्रातून ओढलं, दिवसभरात लाल झालेल्या यादीवर ठेवलं आणि अर्जाचा जाडजूड लिफाफा हॅस्केटच्या पुढ्यात सरकवला.

"पाचाच्या टपालाचा आहे ना?" ऑर्डेला म्हणाली. "पाठवा, अध्यक्षसाहेब. आमची काही हरकत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पाचाला आठ मिनिटं कमी होती. टपाल कचेरी रस्त्यापलीकडेच होती, माणूस चालत गेला तरी वेळेत पोचला असता. हॅस्केटनी लिफाफ्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राच्या माणसाकडे पाहिलं, भिंतीला लागून उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. तो लिफाफा उचलायला कोणीही पुढे आलं नाही.